खोलीचा करारनामा आणि जातीचा रकाना

पत्र

ताई, मी बीड जिल्ह्यातली. बारावीला ६८ टक्के मिळाले आणि यंदा पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. आई-पप्पा ऊसतोडीला जातात. समाजकल्याणच्या वसतिगृहाच्या यादीत माझं नाव आलं नाही, म्हणून कॉट बेसिसवर राहते. कॉटचे ३,५०० आणि मेसचे २,८००. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी पोर्टलवरचा फॉर्म कॉलेजातच भरून घेतला. आमचे एक सर म्हणाले, स्वाधारचाही भर, म्हणजे वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या योजनेचा. पण त्याला खोलीचा करारनामा लागतो. घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं होतं. आमचं आडनाव कुणाचंही असू शकतं, त्यातून जात कळत नाही, म्हणून पुढे काही निघालं नाही. आता करारनामा मागितला तर ‘कशाला?’ म्हणतील, आणि सांगितलं तर खोली जाईल अशी भीती वाटते. रूममेट इंजिनिअरिंगला आहे. तिचीही फी सरकार भरतं, पण परवा ती म्हणाली, ‘स्कॉलरशिपवाल्यांचं बरंय, सगळं फुकट.’ मी गप्प बसले. तिला मी सांगितलंय की आमची बागायती शेती आहे. पप्पा म्हणतात, मुकादमाकडून आणखी थोडी उचल घेतो, तू काळजी करू नको. दसऱ्यानंतर ते निघतील. मी शनिवार-रविवार केटरिंगच्या कामाला जाईन म्हणते. फॉर्म नाही भरला तर चालेल ना? धाकटा भाऊ नववीत आहे, तो आजीजवळ राहतो. माझं नाव छापू नका.

उत्तर

अगं, आधी सरळ उत्तर देते. नाही चालणार. फॉर्म या आठवड्यात भर. आणि त्याच्याही आधी, आज संध्याकाळी पप्पांना फोन करून सांग की माझ्यासाठी वाढीव उचल घेऊ नका.

उचल म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको. हंगामाच्या आधी घेतलेला प्रत्येक रुपया कोयत्यानेच फिटतो, आणि नाही फिटला तर पुढच्या हंगामावर चढतो. तुझ्या कॉटचे पैसे तुझी आई पहाटे फडात उतरून फेडणार, त्याच कामासाठी सरकारने ठेवलेले पैसे मात्र तसेच पडून राहणार, कारण तुला एका बाईंकडे एक कागद मागायचा संकोच वाटतो. हे ऐकायला कठोर आहे, मला माहीत आहे. पण तुझा संकोच मला खोटा वाटत नाही. त्याच्यामागे खरी भीती आहे, आणि तिच्याबद्दलही बोलणार आहे.

आधी पैशांचा हिशेब करू. तू वर्षातले दहा महिने पुण्यात राहशील. कॉट आणि मेस मिळून ६,३०० रुपये महिना, म्हणजे वर्षाचे ६३,०००. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यासाठी भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाह भत्त्याचे ८,००० असे ६०,००० रुपये धरलेले आहेत. शैक्षणिक साहित्यासाठी वर २,००० मिळतात. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या मुलांना तेच ५,०००. म्हणजे तुझा खर्च आणि योजनेची रक्कम जवळजवळ जुळतात. एक गोष्ट लक्षात ठेव. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून, म्हणजे तू महाडीबीटीवर जो फॉर्म भरलास त्यातून, जो निर्वाह भत्ता मिळतो तो स्वाधारच्या रकमेतून वजा होतो. त्यामुळे दोन्हीकडून पूर्ण मिळतील असं धरून चालू नकोस. रक्कम थोडी कमी आली तर कुणी खाल्ली असंही समजू नकोस.

ही योजना २०१६-१७ या वर्षापासून सुरू झाली ती नेमकी तुझ्यासारख्या मुलामुलींसाठी. वसतिगृहांतल्या जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे यादीत नाव नाही म्हणून किती पोरं शहराच्या वेशीवरून परत गेली असतील. अनुसूचित जातीची किंवा नवबौद्ध मुलगी, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, शिकते त्या शहरातली रहिवासी नाही, मागच्या परीक्षेत ५० टक्क्यांच्या वर, शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळालेला नाही. यातलं प्रत्येक वाक्य तुला लागू पडतं.

आता करारनाम्याकडे येते, कारण तुझं सगळं अडलंय ते तिथेच.

भाडेकरारात जातीचा रकाना नसतो. त्यात तुझं नाव, गावचा पत्ता, आधार क्रमांक, भाडं, मुदत आणि दोघींच्या सह्या असतात. तो मागताना कारण सांगायची तुला काही गरज नाही, आणि सांगायचंच झालं तर खोटं बोलायचीही गरज नाही. ‘काकू, मी इथे राहते याचा कागद मला हवाय, कॉलेजच्या कामाला लागतो,’ एवढं पुरे, आणि ते खरंच आहे. पुण्यात भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवणं घरमालकांवर बंधनकारक आहे, त्यामुळे कागद करणं हे त्यांच्याही हिताचं. कॉट बेसिसवाले बऱ्याचदा करार टाळतात. तुझी जात हे त्याचं कारण नसतं, त्यांचा स्वतःचा कागदोपत्री आळस किंवा कर हे असतं. म्हणून त्यांनी पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं, तर ते लगेच मनाला लावून घेऊ नकोस. दुसऱ्यांदा विचार. तेव्हाही नाही म्हणाल्या, तर जी खासगी मुलींची वसतिगृहं रीतसर पावती आणि दाखला देतात तिथे बघ. स्वाधार घेणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलींना अशा जागा तोंडपाठ असतात.

पण तुला खरं काय विचारायचंय ते मला कळलंय. कधीतरी पडताळणीला कुणी आलं, किंवा एखादं पत्र खोलीच्या पत्त्यावर आलं, आणि बाईंना कळलंच, तर? असं होणारच नाही अशी खात्री मी तुला देणार नाही. जात कळल्यावर वागणं बदलणारी माणसं या शहरात आहेत. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यात सामाजिक बहिष्कारही गुन्हा म्हणून आला आहे. पण अठराव्या वर्षी, परक्या शहरात, परीक्षेच्या तोंडावर ‘जा पोलीस ठाण्यात’ असा सल्ला देऊन मी मोकळी होणार नाही. त्यापेक्षा दुसरी एक जागा आधीच बघून ठेव. मैत्रिणीची खोली असेल, एखादं वसतिगृह असेल. जायला दुसरी जागा आहे हे माहीत असलं की माणूस कागद मागताना खाली मान घालून मागत नाही.

एक जुनी गोष्ट तुला माहीतच असेल, तरी या संदर्भात पुन्हा आठव. १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. म्हणजे त्या काळातला राज्याच्या तिजोरीतला पैसाच तो. कोलंबियात शिकून, पुढे लंडनचं शिक्षण अर्धवट ठेवून ते १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले, तर राहायला खोली मिळेना. शेवटी नाव बदलून पारशी लोकांच्या एका मुक्कामाच्या जागी राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर निघायला सांगितलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि कितीतरी वर्षांनी लिहितानाही डोळ्यांत पाणी आलं असंही लिहिलंय. ज्या माणसाला शिष्यवृत्ती मिळाली पण खोली मिळाली नाही, त्याच्या नावाने आज मुलांच्या खोलीच्या भाड्याची योजना चालते. त्या अर्जावर सही करताना तुला खाली बघायचं कारण नाही. आणि १९४४ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, दलित विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तू कॉलेजात बसून भरलास तो फॉर्म त्याच शिष्यवृत्तीचा आजचा अवतार आहे.

माझं स्वतःचं एक सांगते. मी कॉलेजात होते तेव्हा कारकून रजिस्टर घेऊन वर्गाच्या दारात यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, ‘बी.सी. स्कॉलरशिपवाले उभे राहा.’ पहिल्या वर्षी मी उभी राहिले. दुसऱ्या वर्षी बाकावर एक नवी मैत्रीण शेजारी बसायला लागली होती, आणि मी उभी राहिले नाही. वाटलं, नंतर एकटी जाऊन सही करीन. गेलेच नाही. सहीची मुदत गेली आणि माझी रक्कम परत गेली. त्या वर्षी आईने दोन शेळ्या विकल्या. का विकल्या हे तिने मला विचारू दिलं नाही आणि मीही खरं कधी सांगितलं नाही. आज ती नाही. पुढे मी प्राध्यापक झाले, निवृत्त होईपर्यंत कॉलेजातलं शिष्यवृत्तीचं काम मागून घेतलं, आणि एकाही मुलाचं नाव वर्गात मोठ्याने पुकारू दिलं नाही. पण त्या दोन शेळ्या काही मला परत आणता आल्या नाहीत. म्हणून तुझ्या पत्रातली ‘उचल’ वाचल्यावर मला दुसरं काही सुचेना.

आता रूममेटबद्दल. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिक दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. त्याआधी निम्मं शुल्क मिळायचं. तिची फी सरकार भरतं असं तू लिहितेस, ते बहुधा यातूनच. तिला ते मिळतंय याचा मला आनंदच आहे, मुली शिकल्या पाहिजेत. पण एकाच तिजोरीतून एकीला मिळते ती ‘सवलत’ आणि दुसरीला मिळते ते ‘फुकट’, असं कसं? तिने हा विचार केलेला नसावा. तिच्याशी भांडू नकोस. पुन्हा तसं म्हणाली तर शांतपणे एवढंच विचार, ‘तुझा महाडीबीटीचा फॉर्म भरून झाला का गं?’ बरीच पोरं त्या प्रश्नाने आपोआप विचार करायला लागतात, हे मी पाहिलंय.

आणि बागायती शेतीचं. जात सांगायची की नाही, कुणाला, कधी, हा सर्वस्वी तुझा अधिकार. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण नसलेली शेती सांभाळणं फार दमवणारं काम आहे. आज ऊस आहे म्हणालीस, तर उद्या कोणता कारखाना, परवा टनाला भाव काय मिळाला, सुट्टीत येऊ का तुझ्या गावाला. हे खोटं वाढवू नकोस. तिला लगेच सगळं सांग असं म्हणत नाही. वर्गातली, खोलीवरची नव्हे, अशी एक कुणीतरी शोध जिच्याजवळ ‘माझे आई-वडील ऊस तोडतात’ हे वाक्य मोठ्याने म्हणता येईल. एकदा तोंडातून निघालं की त्याचं वजन कमी होतं.

आता फॉर्मचं, कारण पोरं योजनेला पात्र असूनही इथेच गळतात. स्वाधारचा अर्ज महाडीबीटीपेक्षा वेगळा आहे. एक भरला की दुसरा आपोआप भरला जातो असं समजून वर्ष घालवलेली कितीतरी मुलं माझ्यासमोर येऊन रडली आहेत. जातीचा दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, कॉलेजचं बोनाफाईड, आधार, बँकेचं पासबुक, खोलीचा करारनामा आणि तू पुण्याची रहिवासी नाहीस, शासकीय वसतिगृहात राहत नाहीस याचं शपथपत्र, एवढं एका फाईलमध्ये लाव. प्रत्येकाची झेरॉक्स दुसऱ्या फाईलमध्ये. पुण्यात समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. तिथे कागद दिलेस की पोच घेतल्याशिवाय निघू नकोस, आणि त्या पोचेचा फोटो पप्पांच्या फोनवरही पाठव. भाड्याची रक्कम किंवा पत्ता फुगवून लिहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. खोटी माहिती सापडली तर पैसे व्याजासकट परत घेतात, आणि पुढच्या वर्षांचा रस्ताही बंद होतो.

बँकेचं एक नीट समजून घे. खात्याला आधार ‘जोडलेलं’ असणं वेगळं आणि सरकारी रक्कम त्याच खात्यात यावी म्हणून केलेलं ‘सीडिंग’ वेगळं. तुझं गावाकडे एक खातं असेल आणि पुण्यात दुसरं काढलं असशील, तर शेवटचं सीडिंग ज्या खात्याचं झालंय तिथे पैसे जातात. गावच्या खात्यात येऊन पडलेली शिष्यवृत्ती न कळल्याने कर्ज काढणारी मुलगी मी पाहिली आहे. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी माझं कोणतं खातं सीड आहे?’ असं स्पष्ट विचार. महाडीबीटीवर दर आठवड्याला लॉगिन कर. अर्ज ‘सेंड बॅक’ आला आणि तू पाहिलाच नाहीस तर तो तिथेच मरतो. फीचा केंद्राचा वाटा आता थेट तुझ्याच खात्यात येतो आणि तो आठवड्याच्या आत कॉलेजात भरायचा असतो, तेव्हा खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली तर ती मेसला देऊन मोकळी होऊ नकोस. वर्षभर हजेरी ७५ टक्क्यांच्या वर ठेव, स्वाधारला ती बघतात.

कॉलेजात समान संधी केंद्र असतं, निदान असायला हवं. ते कोणत्या सरांकडे आहे ते विचार. ज्यांनी तुला स्वाधारचं सुचवलं ते तेच असतील तर अर्धं काम झालं.

पैसे उशिरा येतात. हे लपवून तुला फसवणार नाही. पहिला हप्ता कधीकधी दुसरं सत्र सुरू झालं तरी आलेला नसतो, आणि मुलांना त्यासाठी कार्यालयांपुढे बसावं लागतं. मला याचा संताप येतो, कारण जेवण तर रोज लागतं. तोवरचे महिने काढायला मेसवाल्यांशी आत्ताच बोल. पुण्यातले बरेच मेसवाले मराठवाड्याच्या मुलांना ओळखून असतात, थोडं थांबतात. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपला मात्र हात लावू नकोस, ती उचलीपेक्षा वाईट. केटरिंगला महिन्यातून दोनदा गेलीस तर माझी ना नाही, पण रात्री परत यायची सोय विचारल्याशिवाय जाऊ नकोस, आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी नकोच. त्याआधी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आहे का ते बघ. कर्मवीर भाऊराव पाटलांपासून चालत आलेली ती वाट आहे. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत तासावर काम असतं, पैसे थोडे, पण कॉलेजच्या आवारातच आणि उजेडी.

भावाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण माझं मन तिथे अडकलं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. ४१ तालुक्यांत मुलांसाठी आणि मुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहं ठरली आहेत, आणि त्यात बीड जिल्हा आहे. तुमच्या तालुक्यातलं वसतिगृह चालू आहे का, जागा आहे का, ते पप्पांना समाजकल्याणच्या कार्यालयात विचारायला सांग. आजी जीव लावते, पण नववी-दहावीत अभ्यास करून घेणारं कुणी लागतं. आणि हंगामात मुकादम ‘पोराला घेऊन चला, हाताखाली होईल’ असं म्हणायला कमी करत नाहीत.

राहिला उत्पन्नाचा दाखला. तुझा जुना ३१ मार्चला संपला असणार. नवा काढायला तहसीलला पप्पांची सही आणि तलाठ्याचा अहवाल लागेल, आणि एकदा गाडी कारखान्याकडे निघाली की एप्रिलपर्यंत घरी कुणी नाही. दसऱ्याला किती दिवस उरलेत ते मोज. आज फोन करशील तेव्हा उचलीचं बोलून झालं की लगेच हे सांग: उद्या सकाळी रेशन कार्ड आणि आधार घेऊन सेतू केंद्रात जा. भावाच्या अर्जालाही तोच दाखला लागेल, दोन प्रती काढा.